पहिली मॅरेथॉन: सराव नाशिकचा, शर्यत मुंबईची

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून वीस आठवडे मागे मोजत आलं की सप्टेंबरचा पहिला आठवडा येतो. नाशिककराला हे वेळापत्रक चांगलं जमतं. सराव सुरू होतो तेव्हा पावसाचा जोर ओसरत आलेला असतो, ऑक्टोबरचे दोन-तीन आठवडे काय ते तापतात, आणि सगळ्यांत लांब पळायचे रविवार नेमके डिसेंबरच्या थंडीत येतात. पण ही थंडी फसवी असते. पहाटे दहा-बारा अंशांत, कोरड्या हवेत ज्या वेगाने तीस किलोमीटर हसतखेळत होतात, तोच वेग मुंबईच्या दमट हवेत पंचविसाव्या किलोमीटरला अंगाशी येतो. म्हणून पुढे वेग वाढवण्याबद्दल थोडं आणि आवरण्याबद्दल बरंच लिहिलं आहे.

आधी पात्रता

४२.१९५ किलोमीटरची तयारी शून्यापासून वीस आठवड्यांत होत नाही. होते असं छातीठोक सांगणारे भेटतील. त्यांच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टचं बरं चाललेलं असतं. सप्टेंबरच्या आधी किमान सहा महिने नियमित पळणं झालेलं हवं, आठवड्याला २५ किमीची सवय हवी आणि १० किमी न थांबता, धाप न लागता जमायला हवेत. एखादी अर्धमॅरेथॉन पळून झाली असेल तर उत्तम. एवढं नसेल तर यंदा २१ किमीची शर्यत करा, ४२ पुढच्या वर्षी. नोंदणीची मुदत आणि शर्यत पूर्ण करायची वेळमर्यादा त्या वर्षीच्या नियमांत आधीच पाहून ठेवा. ऐन डिसेंबरात ते कळून उपयोग नाही.

चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, सिगारेट असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर पहिल्या आठवड्याआधी डॉक्टरांना भेटा. ते ईसीजी आणि गरज वाटली तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट सांगतील. त्याच फेरीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी मंडळींत आणि विशेषतः स्त्रियांमध्ये लोह कमी असणं नेहमीचं आहे. हिमोग्लोबिन काठावर असलं तरी फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, आणि मग पाय जड का पडतात याचं उत्तर बुटांत शोधलं जातं. पळताना छातीत दाब, चक्कर किंवा एरवी नसणारी धाप जाणवली तर तिथेच थांबायचं. यात तडजोड नाही.

वीस आठवडे

आठवड्यात चार दिवस पळा, दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा, एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या. मंगळवारी ६ ते ८ किमी सावकाश. गुरुवारी ६ पासून सुरू करून १० पर्यंत, त्यात थोडं चढाचं किंवा वेगाचं काम. शनिवारी ४-५ किमी अगदी हलकं. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं. बुधवारी आणि शुक्रवारी व्यायाम, सोमवारी काही नाही. अशाने पहिल्या आठवड्यात २८ किमीच्या आसपास होतात आणि सर्वांत मोठ्या आठवड्यात ५५. हौशी माणसाला पहिल्या शर्यतीसाठी एवढे पुरतात. नोकरी, घर, मुलांची शाळा सांभाळून ७० किमी करायला गेलात तर झोप कमी होते, आणि झोप कमी झाली की सराव अंगी लागत नाही.

रविवारचे आकडे किलोमीटरमध्ये असे:

आठवडे १ ते ४: १२, १४, १५, ११
आठवडे ५ ते ८: १६, १८, २०, १४
आठवडे ९ ते १२: २१, २३, २५, १६
आठवडे १३ ते १६: २६, २८, ३०, २०
आठवडे १७ ते १९: ३२, २२, १३
विसावा: शर्यत

दर चौथ्या रविवारी आकडा खाली येतो तो आळस म्हणून नाही. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश पक्के होतात. आठव्या आठवड्यात तुम्हाला वाटतं की आज तीस सहज जातील. दमाचं म्हणणं खरंही असतं, पण नडगीचं हाड अजून वीसवरच असतं. बहुतेक दुखापती याच फरकातून येतात. त्यामुळे कमी अंतराच्या रविवारी बरं वाटतंय म्हणून चार किलोमीटर जास्त पळू नका.

दिवाळी साधारण सहाव्या ते अकराव्या आठवड्यात कुठेतरी पडते. कमी अंतराचा आठवडा सरकवून त्या दिवसांत आणा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी फटाक्यांच्या धुरात २३ किमी पळण्यात काही मिळकत नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असेल तर साबुदाणा, रताळी, केळी, राजगिरा यांत कर्बोदकं भरपूर आहेत, पळता येतं. निर्जळी उपवासाच्या दिवशी मात्र पळू नका.

एक आठवडा बुडाला तर सोडून द्या आणि पुढच्या आठवड्यापासून चालू ठेवा. बुडालेले किलोमीटर भरून काढायला गेलं की दुखापत होते. दोन आठवडे बुडाले तर दोन पायऱ्या मागे या. बाराव्या आठवड्यानंतर तीनहून अधिक आठवडे गेले तर यंदाची शर्यत सोडलेली बरी. आणि पावसाळा संपता संपता नाशिकमध्ये डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ असते हे धरून चाला. ताप असताना एक किलोमीटरही नाही. ताप उतरल्यावर आधी चालणं, मग दोन-चार दिवस अर्ध्या अंतराचं सावकाश पळणं. चिकुनगुन्यानंतर सांधे कित्येक आठवडे धरलेले राहतात. तिथे डॉक्टर सांगतील ते वेळापत्रक, हे नाही.

३२ किमीबद्दल एक पोटनियम. ज्यांचा वेग किलोमीटरला आठ मिनिटं किंवा त्याहून सावकाश आहे, त्यांना ३२ ला सव्वाचार तास लागतात. इतका वेळ पायांवर राहिल्याची झीज भरून यायला पुढचे दोन आठवडे जातात. त्यांनी पावणेचार तासांना थांबावं, म्हणजे साधारण २८ किमी होतील, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी ८ किमी सावकाश करावेत. थकलेल्या पायांवर २८ किमी हा पुरेसा सराव आहे.

वेग

सावकाश म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तुम्ही जोरात आहात. घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. थंडीत हात गार पडले की मनगटावरची मोजणी चुकते.

शर्यतीचा अंदाज अर्धमॅरेथॉनच्या वेळेवरून काढता येतो. त्या वेळेला २.०८ ने गुणण्याचं जे गणित चालतं, त्यानुसार २ तास १५ मिनिटांवाल्याचे ४ तास ४१ मिनिटं होतात. पण ते गणित आठवड्याला बरंच जास्त पळणाऱ्यांना लागू पडतं. पहिलटकराने दुप्पट करून वर वीस ते तीस मिनिटं धरावीत, म्हणजे ४:५० ते ५:००. पाच तासांसाठी किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद लागतात, साडेपाचसाठी ७:४९, सहासाठी ८:३२. यात एक मेख आहे. गर्दीत वळणं बाहेरून घ्यावी लागतात, त्यामुळे घड्याळावर ४२.२ ऐवजी ४२.६-४२.७ उमटतात. घड्याळात ७:०६ पाहत निवांत पळणारा माणूस पाच तासांच्या तीन-चार मिनिटं नंतर पोहोचतो. पाच तास हवे असतील तर घड्याळात ७:०० दिसायला हवं.

लाँग रन या वेगाच्या अर्धा ते एक मिनिट सावकाश, म्हणजे पाच तासांवाल्याने रविवारी ७:४० ते ८:०० ने पळावं. डिसेंबरच्या पहाटे हे सगळ्यांत अवघड जातं. थंडीत अंग गरम ठेवायला पाय आपोआप भरभर पडतात, गटातलं कुणीतरी पुढे निघतं आणि दर रविवारी छोटी शर्यत होऊन बसते. मग मंगळवार-गुरुवार पाय ओढत जातात आणि जानेवारीत माणूस आधीच दमून उभा राहतो. गटात पळत असाल तर तुमच्याहून थोड्या सावकाश गटात पळा.

गुरुवारचं काम साधं ठेवा. पहिले सहा आठवडे सावकाश पळण्याच्या शेवटी वीस-वीस सेकंदांचे सहा जोरकस टप्पे, मध्ये चालून पूर्ण दम घ्या. सातव्यापासून बाराव्यापर्यंत एखाद्या मध्यम चढावर ४५ सेकंद वर, चालत खाली, असं सहा ते आठ वेळा. तेराव्यापासून मधली २० ते ३० मिनिटं अशा वेगाने, की दोन-चार शब्दच बोलता येतील. २६, २८ आणि ३० किमीच्या रविवारी शेवटचे ६ ते ८ किमी शर्यतीच्या वेगाने पळा. मैदानावर ४०० मीटरचे फेरे जीव तोडून मारायची गरज पहिल्या मॅरेथॉनला नाही.

कुठे पळायचं

आठवड्यातल्या दिवसांसाठी गोल्फ क्लब मैदानाचा, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा जॉगिंग ट्रॅक किंवा कृषीनगरचा ट्रॅक बरा. जमीन मऊ, गाड्या नाहीत. पण सगळा सराव मातीवर करू नका. मुंबईत डांबर आणि काँक्रीटच आहे, पायांना त्याची सवय हवी.

रविवारसाठी गंगापूर रोडने सोमेश्वर, गंगापूर गाव आणि पुढे धरणाकडचा रस्ता सोयीचा; चढउतार आहेत, सावली आहे. दुसरा त्र्यंबक रोड. गोदावरी त्र्यंबकहून नाशिककडे वाहते, यावरूनच ओळखा की जाताना एकूण चढ आणि येताना उतार. परतीचा वेग घड्याळात छान दिसतो, त्यावर शर्यतीचा अंदाज बांधू नका. या रस्त्यावर सातपूर एमआयडीसीच्या पाळीच्या बसगाड्या सकाळी सुरू होतात, त्यामुळे सातपूरचा पट्टा उजाडायच्या आत ओलांडलेला बरा. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या, हा रस्ता यात्रेकरूंचा. तिकडे फिरकू नका. सिंहस्थाच्या कामांत एखादा पट्टा खोदलेला असू शकतो, म्हणून शनिवारी गाडीवरून एक चक्कर मारून या. अंधारात खड्ड्यात मुरगळलेला घोटा सहा आठवडे घेतो.

समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, अंगात चमकणारी पट्टी असलेलं जाकीट, डोक्याला हेडलॅम्प, इयरफोन घरी. रस्ता कडेला उतरता असतो. एकाच कडेने दोन तास पळालं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. म्हणून गाड्या नसतील तेव्हा थोडं मधल्या सपाट भागात या आणि शांत गल्ल्यांत बाजू बदला.

कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा. पाठलाग बहुधा तिथेच संपतो. बिबट्याची गोष्ट वेगळी. गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरीकडच्या मळ्यांतून आणि उसातून तो असतो, हे नाशिककराला सांगायला नको. उजाडण्यापूर्वी शहराबाहेर एकट्याने जाऊ नका. तिघं-चौघं बोलत पळा, आणि उसाच्या कडेला लेस बांधायला एकट्याने खाली वाकून बसू नका. दिवाळीनंतर द्राक्षबागांत फवारणीचे ब्लोअर सकाळी चालू असतात. वास आला की श्वास ओढत तिथून पळण्यापेक्षा वळून दुसरा रस्ता धरा.

नाशिकची उंची साधारण ६०० मीटर. तेवढ्याने रक्तात काही बदल होत नाही, त्यामुळे मुंबईत समुद्रसपाटीचा फायदा मिळेल या भ्रमात राहू नका. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य मिळवलं, त्याचं श्रेय कुणी इथल्या हवेला देऊ लागलं तर ऐकून सोडून द्या.

पोट आणि पाणी

तिसाव्या किलोमीटरनंतर पाय एकाएकी का बंद पडतात, याचा हिशोब करता येतो. पळताना किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला ४२ किमीला सुमारे २,७५० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर १,८०० ते २,००० कॅलरींची. बाकी चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून येतं. जोरात पळालात की साखर जास्त जळते, चरबी कमी, आणि साठा लवकर संपतो. म्हणून सावकाश सुरुवात आणि वाटेत खाणं हे दोनच उपाय आहेत.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची. नाशिककराला महागड्या जेलवर अडून राहायची गरज नाही. मनुका ३० ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, यात सुमारे २३ ग्रॅम. मध्यम केळ्यात २५. चार लहान खजुरांत २० च्या आसपास. एका जेलमध्ये बहुधा २० ते २५. मनुका छोट्या झिपच्या पिशवीत दहा-पंधरा दाण्यांच्या पुड्या करून ठेवा. एकदम मूठ तोंडात टाकली तर चावताना श्वास अडकतो आणि दातांत चिकटतात, मागून पाण्याचा घोट लागतोच. शेंगदाण्याची चिक्की पळताना नको, त्यातलं तेल पोटात रेंगाळतं.

पहिला घास ४०-४५ मिनिटांनी, नंतर दर अर्ध्या तासाने. भूक लागायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. आतड्यांनाही सराव लागतो. नवव्या आठवड्यापासून प्रत्येक लाँग रनला हेच करा. पहिल्यांदा मळमळेल, चौथ्या-पाचव्या रविवारी जमून जाईल.

इलेक्ट्रलसारख्या ओआरएसच्या पुडीबद्दल गैरसमज फार. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. त्यातून मीठ मिळतं, इंधन नाही. ती घेतली तरी खाणं लागतंच. घरचं पेय करायचं तर अर्धा लिटर पाण्यात सहा चमचे (३० ग्रॅम) साखर, पाव चमच्याहून किंचित कमी मीठ आणि अर्धं लिंबू. याहून गोड केलं तर पोटात ढवळतं.

किती पाणी प्यायचं ते वजनकाट्यावर कळतं. लाँग रनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे प्यायलात त्यापेक्षा एक लिटर जास्त गेलं. ६५ किलोच्या माणसाचं एक-सव्वा किलो घटणं ठीक आहे. वजन वाढलं असेल तर मात्र सावध व्हा. पाच-सहा तास पळणारे सावकाश धावपटू प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, बोटं सुजणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तेव्हा आणखी पाणी पाजणं घातक आहे, वैद्यकीय मदत गाठा.

लाँग रन झाला की तासाभरात प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही पोटात जाऊ द्या. रविवारची मिसळ यात बसते; मोड आलेली मटकी आहे, पाव आहे. फक्त तर्री बेताची घ्या आणि तिच्या आधी अर्धा लिटर पाणी प्या.

मुंबईची हवा

जानेवारीतही मुंबईची पहाट नाशिकपेक्षा पाच-सात अंशांनी गरम आणि दमट असते. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. उपाय दोन. शर्यतीच्या आधी तीन ते एक आठवडा या काळात आठ-दहा दिवस मधले छोटे रन पहाटेऐवजी सकाळी साडेनऊ-दहाला, ऊन अंगावर घेत करा. ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांनी पहाटेच एक जादा टी-शर्ट चढवून पळावं. आणि नाशिकमध्ये ठरवलेल्या वेगात किलोमीटरला दहा-पंधरा सेकंदांची सूट धरा. पाच तासांची तयारी असेल तर मुंबईत पाच-दहाची अपेक्षा ठेवा.

बूट आणि कातडी

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, म्हणजे बहुतेकांना रोजच्या बुटांपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. एक जोड ५०० ते ८०० किमी टिकते. हा सराव सगळा मिळून आठशेच्या आसपास जातो, म्हणून दुसरी जोड तेराव्या-चौदाव्या आठवड्यात घ्या आणि तिच्यावर १०० किमी तरी करून शर्यतीला नेता येईल असं पाहा. टाच वर-खाली होत असेल तर सर्वांत वरच्या जादा भोकातून लेस ओवून गाठ बांधा. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले तर तळाचा डिंक सुटतो. सुती मोजे आणि सुती बनियन बाद. मांड्या, काखा, ब्राचा पट्टा यांच्या जागी व्हॅसलीन, पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी. हे ऐकून हसणारे पंचविसाव्या किलोमीटरला रक्ताचे दोन डाग घेऊन येतात.

दुखणं ओळखणं

बुधवार-शुक्रवारचा व्यायाम वीस-पंचवीस मिनिटांचा: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली १५ चे तीन संच, एका पायावर अर्धी बैठक १० चे दोन, पाठीवर झोपून कंबर उचलणं १५ चे तीन, कुशीवरचा प्लँक तीस सेकंद दोन्हीकडे. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला चांगल्या, पण उतरताना पळू नका.

दुखण्याची चाचणी सोपी आहे. दोन्ही पायांत पसरलेलं, गरम झाल्यावर कमी होणारं दुखणं चालतं. एका पायात, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, पळता पळता वाढणारं दुखणं चालत नाही. नडगीच्या हाडावर असा एकच दुखरा बिंदू असेल आणि त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल तर हाडाला सूक्ष्म तडा असण्याची शक्यता असते. पळणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. सुरुवातीला एक्स-रेत तो दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. चालताना लंगडत असाल तर पळू नका. आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊन लाँग रन किंवा शर्यत करू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर घाव घालतात.

शेवटचे तीन आठवडे आणि शर्यत

अंतर कमी होतं, दिवस तेच राहतात. या काळात कुठे ना कुठे काहीतरी दुखल्यासारखं वाटतं. ते बहुधा मनाचं असतं. नवीन काही सुरू करू नका. ना बूट, ना योगवर्ग, ना घरातली माळ्यावरची साफसफाई.

शेवटचे दोन दिवस किलोमागे ७-८ ग्रॅम कर्बोदकं. ६५ किलोला ती साडेचारशे ते पाचशे ग्रॅम होतात: सहा वाट्या भात (२४०), चार केळी (१००), जॅम लावलेले चार ब्रेड (८०), दोन ग्लास गोड सरबत (५०). वरण पातळ, भाजी थोडी, उसळ-मिसळ-कोशिंबीर बंद. चोथा कमी असला तर सकाळी पोट सुखी. वजन किलोभर वाढेल, साठलेली साखर पाणी धरून ठेवते म्हणून.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, म्हणून मुंबईला निदान शनिवारी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडा. बिब मिळतो त्या प्रदर्शनात (एक्स्पोत) तासाहून जास्त फिरू नका. पूर्ण मॅरेथॉन पहाटे अंधारात सुटते, त्यामुळे नाश्ता अडीच-तीनला करावा लागतो. केळं, दोन ब्रेड-जॅम, किंवा कमी तेलाचे, शेंगदाणे न घातलेले पोहे. या वेळी खायची रंगीत तालीम दोन रविवारी आधी करून ठेवा, कॉफीसकट.

पहिले पाच किलोमीटर ठरल्यापेक्षा दहा-पंधरा सेकंद सावकाश. लोक झुंडीने पुढे जातील, जाऊ द्या. पाच तासांसाठी हातावर पेनाने लिहा: १० ला १:१२, अर्ध्यावर २:३०, ३० ला ३:३३. अर्ध्यावर २:२० दिसलं तर आनंद मानू नका. पाण्याच्या टेबलावर चालत प्या. प्रत्येक वेळी वीस-तीस सेकंद जातात, ते पुढे वसूल होतात. नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं अशी आखणी पहिल्या मिनिटापासून पाळली तर तीही उत्तम चालते. पाय संपल्यावर सुरू केली तर उपयोग नाही.

परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ येतो. उंची फारशी नाही, जागा वाईट आहे. लहान पावलं टाका, नजर दहा पावलांवर ठेवा. चालत चढलात तरी एक-दीड मिनिटच जातं. पोटरीत गोळा आला तर थांबून पंजा स्वतःकडे ओढून तीस सेकंद ताणा, मग चालत सुरुवात करा.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, रक्तदाब उतरून चक्कर येते. दहा-पंधरा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, खारट काहीतरी खा. कसारा घाटातून स्वतः गाडी चालवत परतायचं धाडस नको. ब्रेकवरच्या पायात गोळा आला तर पंचाईत. संध्याकाळची पंचवटी किंवा दुसरा चालक.

दोन-तीन दिवस जिना उतरताना कठड्याला धरून उलटं उतरलं तर मांड्या कमी बोंबलतात. पहिला आठवडा फक्त चालणं. आठव्या-दहाव्या दिवशी वीस-तीस मिनिटं अगदी सावकाश पळून पाहा, पूर्वीचं अंतर महिन्याने. नख काळं पडलं असेल आणि दुखत नसेल तर हात लावू नका, काही महिन्यांत खालून नवं येतं. ठणकत असेल तर घरी सुईने टोचत बसू नका, डॉक्टरांकडून रक्त काढून घ्या. मधुमेह असेल तर ठणका नसतानाही दाखवा.